किटलीरावांचा बाक

पडद्यावर संध्याकाळ झाली आणि किटलीराव आजही दुकान उघडं टाकून निघाले.

ताईंनी चष्मा नाकावर सरकवला. गेममधली संध्याकाळ ती केवढी, जेमतेम चार मिनिटांची. जांभळी, पाण्यात शाई सांडल्यासारखी. तेवढ्यात किटलीराव दगडी गल्ली उतरायचे, नदीकाठच्या बाकावर मधोमध टेकायचे आणि मग, काहीतरी आठवल्यासारखे, डावीकडे सरकून बसायचे. अंधार पडला की उठायचे.

त्या गावात सगळ्यांच्याच मानेवर डोक्याच्या जागी घरातली एखादी वस्तू होती. हवालदाराचं डोकं म्हणजे पिठाची चाळणी, त्याच्यापाशी एक गुपित टिकत नसे. मास्तरांचं उशीचं, वर्गात पहिली डुलकी त्यांचीच. नगराध्यक्षांच्या मानेवर गजराचं घड्याळ, ते ऐन भाषणात वाजायचं. किटलीराव छत्र्या दुरुस्त करायचे. लाजले की त्यांच्या तोटीतून वाफ यायची.

अशा गावात चुका शोधायच्या, हे ताईंचं काम. त्याआधी एकोणीस वर्षं त्या कपड्यांच्या कारखान्यात सुटलेले टाके शोधत होत्या. इथे गेमच्या कंपनीत येऊन अकरा वर्षं झाली, पण त्यांच्या यादीतून एक चूक म्हणून निसटली नव्हती. आज पाच वाजता शेवटची यादी द्यायची, उद्या गेम लोकांच्या हातात.

"अरे, जरा इकडे ये," त्यांनी पलीकडच्या टेबलावरच्या प्रोग्रामरला हाक मारली. "हे रोज कुठे जातात?"

तो खुर्चीसकट घरंगळत आला. बघितलं आणि फस्सकन हसला.

"हात्तिच्या! ताई, ह्यांना बायको होती. कपाचं डोकं, कानात डूल. गेम जड झाला म्हणून सत्तर माणसं काढली ना आपण, त्यात ती गेली. मीच काढली. तिचं घर काढलं, आवाज काढला, नाव काढलं. ह्यांच्या कामांमधली एक ओळ तेवढी राहिली. संध्याकाळी तिच्याशेजारी बसणे."

"म्हणून सरकतात होय?"

"तिला जागा नको का? लिहा तुम्ही, मी दोन मिनिटांत ओळ उडवतो. नाहीतर पंचाईत आहे. छत्री नीट झाल्याशिवाय खेळणाऱ्याला पूल ओलांडता येत नाही. संध्याकाळी कोणी आलं तर दुकान उघडं आणि कारागीर गायब. बोंबलेल तो."

ताईंनी यादी उघडली. चारशे अकरा चुका लिहून झाल्या होत्या. चारशे बारा लिहिलं आणि बोटं तिथेच थांबली.

"ओळ उडवलीस तर संध्याकाळी काय करतील ते?"

"उभे राहतील. दुकानात."

"नुसते?"

"नुसते." त्याने घड्याळाकडे पाहिलं. "ताई, पाचला दहा कमी आहेत. अहो, जी नाहीच तिच्यासाठी सरकून बसतोय माणूस. ह्याला चूक नाही म्हणायचं तर काय म्हणायचं?"

"माझी थोरली बहीण जाऊन तीन वर्षं झाली," ताई पडद्यावरची नजर न काढता म्हणाल्या. "कारखान्यात जाताना खिडकी तिची ठरलेली. मी अजून बसमध्ये खिडकीची जागा सोडून बसते. परवा एक जण म्हणाला, बाई, आत सरका की. घाल माझंही नाव यादीत."

प्रोग्रामर खुर्चीचं चाक उगीचच पायाने मागेपुढे करत राहिला.

पडद्यावर पुन्हा संध्याकाळ झाली. किटलीराव गल्ली उतरले. नदीचं पाणी जागच्या जागी हलत होतं आणि त्यात गावातल्या सगळ्या खिडक्या उलट्या पेटल्या होत्या. बाकावर मात्र काळोख. इतका, की ते सरकले हेसुद्धा बघणाऱ्याने ओळखून घ्यायचं.

ताई खुर्चीत पुढे झाल्या. मग खाडखाड टाइप केलं आणि पडदा त्याच्याकडे वळवला.

क्रमांक ४१२. नदीकाठच्या बाकापाशी दिवा नाही. लावावा.

त्याने दोनदा वाचलं. "आणि छत्रीचं काय?"

"बाकावर बसून शिवतील. हात आहेत ना त्यांना? दिवा दिसला की ज्याला गरज आहे तो येईल शोधत."

"साहेब विचारतील, कारागीर दुकानात का नाही?"

"विचारू देत. मी आहे ना. अकरा वर्षांत माझी यादी चुकली नाही म्हणावं, आजही चुकलेली नाही."

त्याने डोकं खाजवलं. मग जीभ दातांत धरून तिथेच बसून कामाला लागला. गावातल्या चौकातला एक दिवा उचलला, नदीकाठी आणला, बाकाच्या मागे रोवला. उजेडाच्या आकड्यावर येऊन थांबला.

"किती ठेवू, ताई?"

"फार नको. डोळ्यांवर यायला नको त्यांच्या." त्या पडद्याकडे वाकल्या. "तिला लांबून दिसेल, एवढा."

त्याने आकडा घातला. पाचला दोन कमी होते, आणि तिकडे गावात संध्याकाळ होत होती.

किटलीराव आले. मधोमध टेकले. डावीकडे सरकले. दिवा लागला, त्याचा उजेड नेमका बाकाच्या मोकळ्या अर्ध्यावर.

किटलीरावांच्या तोटीतून वाफेचा एक बारीक धागा निघाला.