भरलेलं घमेलं

चंद्रभागाबाई तांब्या घेऊन उंबऱ्याबाहेर आल्या आणि कबऱ्यानं साखळीला असा हिसका दिला की खुंटा हलला.

"अंगावर आलं, काकू. मागं सरा," सुग्रीव म्हणाला.

तांब्यातलं निम्मं पाणी लुगड्यावर सांडलं. शेजारचा पुतण्या असला तरी सुग्रीव उन्हातून आला होता आणि दारी आलेल्याला आधी पाणी, मग बोलणं, म्हणून त्यांनी रांजणातलं गार पाणी आणलं होतं. त्यानं तांब्याकडं पाहिलंही नाही. तो कुत्र्याकडं बघत होता. कबऱ्याच्या तोंडातून चिकट फेस लोंबत होता. जीभ काळपट पडून बाहेर आली होती, मागचे पाय लटपटत होते. नजर मात्र चंद्रभागाबाईंच्या हातावरून हलत नव्हती. नऊ वर्षांत त्यानं त्यांच्याकडं असं कधी पाहिलं नव्हतं.

आठ दिवसांमागं खालच्या वस्तीवर एक पिसाळलेलं कुत्रं कालवडीला चावून गेलं होतं. कालवड काल गेली. काल संध्याकाळीच गावानं ठरवलं, ज्यानं त्यानं आपलं कुत्रं बांधून ठेवायचं. कबऱ्या जन्मात कधी बांधला गेला नव्हता. तहान लागली की तो आपला आपण बैलांच्या हौदावर जायचा, लिंबाखाली पाणी पिऊन यायचा. त्याला पाणी ठेवायचं असतं हे घरात कुणाला माहीतच नव्हतं. तरी सकाळी चंद्रभागाबाईंना आठवलं. टँकर चौथ्या दिवशी येत होता, पण त्यांनी हात आखडला नाही. बांधकामाचं काळं लोखंडी घमेलं घासून काढलं, काठोकाठ भरलं आणि कलंडू नये म्हणून दारातल्या फरशीवर खुंट्याजवळ ठेवलं. तेव्हा तिथं घराची सावली होती. मग दुपारभर त्या आत ज्वारी पाखडत बसल्या.

आता दोन वाजून गेले होते.

त्या म्हणाल्या की कबऱ्या कुणाला चावलेला नाही, उन्हानं तसं करत असेल, संध्याकाळपर्यंत बघू. सुग्रीवनं सांगितलं की जनावरांच्या डॉक्टरला त्यानं फोन लावला होता. डॉक्टर उद्या सकाळी येणार होता. तोवर जवळ जाऊ नका म्हणाला होता.

"उन्हानं म्हणता, मग पाणी काहून पीत न्हाई? सकाळचं घमेलं तसंच हाय."

त्यानं काठीनं घमेलं पुढं लोटलं. कबऱ्या झेपावला, काठावर तोंड टेकून पाण्यात घातलं आणि केकाटत मागं उडाला, पार साखळीच्या टोकापर्यंत. तिथून तो पाण्याकडं बघत कण्हत राहिला.

सुग्रीवबरोबर आलेला, भिंतीच्या आडोशाला उभा असलेला बंकट दोन पावलं मागं सरला. पाण्याला भिणारं कुत्रं म्हणजे काय, हे तिथं कुणी कुणाला सांगायची गरज नव्हती.

सुग्रीव खाली बघत होता. कबऱ्या पिल्लू असताना त्यानंच टोपलीत घालून आणला होता. काकू, ह्याचं नाव मतदार यादीत घाला, गावातल्या समद्यांना ह्योच वळखतो, असं तो कालपरवापर्यंत म्हणायचा.

"तुमी म्हणल्याबिगर हात लावणार न्हाई," तो म्हणाला. "पर लेकरं खेळत्यात हितं."

लेकरं त्याचीच होती. चंद्रभागाबाईंनी तांब्या उंबऱ्यावर ठेवला.

"लई हाल करू नका त्याचे."

त्या आत गेल्या, दार लोटलं आणि दाराला पाठ लावून बसल्या. साखळी वाजत होती. बराच वेळ वाजली. मग थांबली.

पोत्यात घालून सुग्रीव आणि बंकटनं त्याला ओढ्याकडं नेलं. सुग्रीव जाताना उपरण्यानं तोंड पुसत गेला. उंबऱ्यावरचं पाणी तसंच राहिलं.

थोड्या वेळानं त्याची बायको सत्यशीला आली. तिनं सांगितलं की घमेल्यातलं पाणी लांब नेऊन ओता म्हणाले आहेत, जनावरांनी तोंड लावायला नको. चंद्रभागाबाई म्हणाल्या, मी ओतते. त्या वाकल्या, दोन्ही हातांनी काठ धरला आणि झटकन सोडला.

बोटांवर लाल पट्टा उठला होता.

त्या बोटांकडं बघत राहिल्या. मग फरशीकडं बघितलं. फरशीवर ऊन होतं, भिंतीपर्यंत सगळीकडं ऊनच होतं. त्यांनी हळूच दोन बोटं पाण्यात घातली.

"हात नका घालू, काकू," सत्यशीला म्हणाली.

बोटं केव्हाच बाहेर आली होती. चंद्रभागाबाई तिथंच, तापल्या फरशीवर बसल्या. बसल्या त्या बसल्याच. सत्यशीलेनं दोनदा हाक मारली.

मग त्या उठल्या. पदर हाताला गुंडाळला आणि घमेलं ओढायला लागल्या. ओढ्याकडं नाही, हौदाकडं. लिंबाची सावली पंधरा पावलांवर होती. पाणी हिंदकळून पायांवर सांडत होतं, तरी त्या थांबल्या नाहीत. सावलीत नेऊन त्यांनी ते नीट टेकवलं, कलंडत नाही ना बघितलं.

"ओतून द्यायचं ना, काकू?"

"थांब," त्या म्हणाल्या. "निवू दे आधी."