कडू घास

साताऱ्याच्या संयोगितानं आईला लंडन दाखवायला नेलं, पण आईनं विमानतळावरच हट्ट धरला, “पयलं विजूकडं.” आईची माधवनगरची बालमैत्रीण विजू लग्न करून चाळीस वर्षांपूर्वी तिकडं गेली होती. दोन वर्षांमागं तिचा नवरा वारला, तेव्हा आईला पोचता आलं नव्हतं. विजूमावशींनी हसतच दार उघडलं, केक कापला. “डॅडी गेले तरी मम्मी एकदाही रडली नाही,” त्यांचा मुलगा कौतुकानं म्हणाला. आई उठली, पदर खोचून स्वयंपाकघरात शिरली आणि पिठलंभात घेऊनच बाहेर आली. “विजे, मयताच्या घरी शेजारणी कडू घास भरवत्यात. तुला हितं कुणी भरवला गं?” पहिलाच घास तोंडात गेला आणि मावशी हमसाहमशी रडू लागल्या. मुलगा घाबरला. “रडू दे रं तिला,” आई म्हणाली. बऱ्याच वेळानं मावशींनी डोळे पुसून दुसऱ्या घासासाठी आ केला.