चवीची सही

"मानीबाई, बाजूले हो," मारोतराव म्हणाले. त्यांच्या हातात कुलूप होतं.

मानीबाई शाळेच्या स्वयंपाकघराच्या दारात उभी होती आणि हलायला तयार नव्हती. पोळा होऊन चार दिवस झाले होते. तेवढ्या दिवसांत बावीस पोरं हगवण-उलट्यांनी आडवी झाली होती. सहा जण पांढरकवड्याच्या दवाखान्यात सलाईनवर होते, त्यांतली एक मानीबाईची नात राखी. तिच्या खाटेजवळून उठून मानीबाई सरळ शाळेत आली होती, कारण दवाखान्यातच तिच्या कानावर आलं होतं की पोरांना तिची खिचडी बाधली.

मुख्याध्यापिका कोकिळा मॅडमनी करायचं ते सगळं केलं होतं. आजारी पोरं घरी पाठवली, ओआरएसची पाकिटं वाटली, आरोग्य केंद्राला पहिल्याच दिवशी फोन केला, शाळा सोमवारपर्यंत बंद ठेवली. म्हणून तर तालुक्याचे डॉक्टर आज व्हरांड्यात टेबल मांडून चौकशी करत होते. पण गावाला चौकशीचा धीर कुठला! गावाला एक नाव हवं असतं, आणि तांड्यावरच्या बाईचं नाव सगळ्यात सोपं होतं.

"साहेब, छतावरची टाकी पाहा," मानीबाई म्हणाली. "आषाढात वादळानं झाकण उडालं तिचं. मी या भाऊले दोनदा सांगतलं. दोन्ही डाव म्हणे, पाहू."

"टाकी पोळ्याच्या आधी धुतली. ब्लिचिंग टाकून," मारोतराव म्हणाले. ते शाळा समितीचे अध्यक्ष होते. टाकी धुवून घेणं हे त्यांचंच काम, आणि धुतल्याचा कागदही त्यांच्याच सहीचा. "स्वतःची चूक झाकाले टाकीचं नाव घेऊन राह्यली ही, साहेब."

"मी बी तेच खाल्लं. मले काहून नाही झालं काही?"

"तुमच्या तांड्याच्या लोकायले काय होते! पचते तुमाले सारं."

जमलेली माणसं हसली. डॉक्टर हसले नाहीत, पण त्यांनी कागद पुढे ओढला. दुपारी आणखी दोन गावं करायची होती. स्वयंपाकघर बंद, सोमवारपासून दुसरी बाई, असं ते लिहू लागले. मानीबाईचं काम जाईल, नाव जाईल, ते एक झालंच. पण सोमवारी शाळा उघडेल, पोरं खेळून येतील आणि पुन्हा त्याच टाकीच्या नळाला तोंड लावतील. उद्यापरवा दवाखान्यातून सुटलेली राखीही त्यांत असेल. बाई गेली म्हणजे रोग गेला, असं समजून सगळे निवांत घरी बसलेले असतील.

मानीबाई वळली, आत गेली आणि खिळ्याला टांगलेलं चवीचं रजिस्टर घेऊन आली. पोरांना वाढण्याआधी समितीच्या माणसाने खिचडी चाखायची आणि रजिस्टरमध्ये सही करायची, असा नियम आहे. तिने या आठवड्याचं पान उघडून डॉक्टरांपुढे ठेवलं.

"पोरायनं ज्या दिवशी खाल्लं, त्या साऱ्या दिवसाची सही आहे. कोणाची आहे ते इचारा."

डॉक्टरांनी पाहिलं. "मारोतराव, सही तुमची?"

"हो. माहीच."

मानीबाई आता मारोतरावांच्या अगदी समोर आली. "मंग सांगा, भाऊ. तुमी खिचडी चाखली, का नाही चाखली? चाखली असन, तर तुमी धडधाकट कसे? अन् नसन चाखली, तर सही कायची केली?"

मारोतरावांनी एकदा डॉक्टरांकडे पाहिलं, एकदा जमलेल्या लोकांकडे. गावात आपल्याशिवाय पान हलत नाही, अशी त्यांची समजूत. एवढ्या लोकांत स्वतःची सही खोटी कशी म्हणायची? त्यांनी उपरण्याने मान पुसली.

"चाखली," ते म्हणाले. "रोज चाखली. वाटीभर."

"आणि तुम्हाला काहीच त्रास नाही?" डॉक्टरांनी विचारलं.

"काहीच नाही."

डॉक्टरांनी लिहिलेल्या ओळीवर काट मारली. "मग दोष खिचडीत दिसत नाही. शिडी आणा. टाकी पाहू."

टाकीत कबूतर सडून पडलं होतं आणि कडेने हिरवा थर चढला होता. पाण्याच्या बाटल्या भरून तपासणीला गेल्या. टाकी रिकामी झाली, घासली गेली, नवं झाकण आलं. राखी तिसऱ्या दिवशी घरी आली.

आठव्या दिवशी स्वयंपाकघरात पुन्हा चूल पेटली. यापुढे अध्यक्षांनी पोरांसमोर बसून चव घ्यावी, असं डॉक्टर लिहून गेले होते. मारोतराव आले, खुर्चीवर बसले. पंगतीत त्यांची नात खुशी ताट घेऊन बसली होती. बाजूला राखी. मानीबाईने वाटी भरून मारोतरावांच्या हातात दिली.

त्यांनी पहिला घास घेतला, थांबले, बोटाने वाटीतलं एक हिरवं पान बाजूला केलं.

"काय वो मानीबाई, आज हा पाला कायचा टाकला?"

"आबाजी, शेवग्याचा पाला तर रोजच राह्यते!" खुशी ओरडली.

सगळी पंगत खिदळली. कोकिळा मॅडमनी तोंडाला पदर लावला.

मानीबाईने मारोतरावांच्या वाटीत आणखी एक पळी वाढली.

"खा, भाऊ. रोजचीच चव आहे."