दुपारनंतरचा भाव

"हा साधासुधा दगड नाही, मॅडम." खाण कंपनीच्या वकिलांनी नारळाएवढा दगड दोन्ही हातांनी उचलून न्यायाधीशबाईंना दाखवला. "यात तांबं ठासून भरलंय. असा ऐवज चोरणाऱ्याला तुरुंगच हवा."

आरोपीच्या पिंजऱ्यात म्हातारी कठडा धरून उभी होती. दगड तिच्या छपरावर सापडला, म्हणून ती चोर.

"सुरुंग तुमचे, हादरे तुमचे," ती म्हणाली. "खिळे सुटतात ते माझ्या पत्र्यांचे. वर वजन ठेवू नको?"

घरी नात एकटी होती. आजी आत गेल्यावर तिला कोण बघणार, हे कुठल्याच कलमात लिहिलेलं नव्हतं.

वकिलांना जोर चढला होता. दगडातल्या पिवळ्या चकचकीत रेषेवरून त्यांनी असं बोट फिरवलं, जणू ते सराफाच्या पेढीवर बसले होते.

न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला.

"वकीलसाहेब, जेवणाच्या सुट्टीआधी याच जागी उभं राहून तुम्ही कंपनीचा कराचा खटला लढवलात. याच खाणीतला दगड तेव्हा निव्वळ माती होता. परदेशातल्या आपल्याच दुसऱ्या कंपनीला तो मातीच्या भावानं विकतो, नफा काही उरत नाही, मग कर कसला, असं म्हणालात. त्याचा निकाल मला संध्याकाळी द्यायचाय. आता सांगा, जेवणाआधीची माती खरी, की जेवणानंतरचं तांबं?"

मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं.

वकील बाहेर जाऊन फोनवर बोलून आले. चेहऱ्यावर लाजेचा मागमूस नव्हता. तसा तो सकाळीही नव्हता.

"मॅडम, कंपनी मोठ्या मनानं तक्रार मागे घेतेय. दगड काय, मातीच ती."

"आजी, तुम्ही सुटलात," न्यायाधीशबाई म्हणाल्या.

म्हातारी पिंजऱ्यातून उतरली ती थेट वकिलांसमोर गेली. हात पुढे केले. "द्या मग इकडे. आज वारा फार आहे."

वकिलांनी दगड चटकन छातीशी धरला. "अहो आजी, असं कसं? कंपनीचा माल आहे!"

"माती ना ती? मग तान्ह्या पोरासारखी उराशी कशाला धरलीय?"

न्यायाधीशबाईंनी चष्मा पुन्हा चढवला.

"वकीलसाहेब, अगदी तसेच उभे राहा. संध्याकाळची वाट कशाला बघायची? कराचा निकाल आत्ताच देते."