केवळ प्रज्ञावंतांसाठी

दत्तारामने कोरगावच्या थांब्यावर गाडी उभी केली, दार उघडले आणि पाच मिनिटे घड्याळाकडे बघत बसला. आत कोणी चढणार नाही हे त्याला ठाऊक होते, पण नियम म्हणजे नियम. गेले वर्षभर दर शनिवारी तो हेच करत आला होता. मांद्र्याला दार उघडायचे, कोरगावला उघडायचे, पेडण्याला उघडायचे आणि रिकामी गाडी घेऊन पणजी गाठायची. गाडीवर पाटी होती, ‘केवळ प्रज्ञावंत विद्यार्थ्यांसाठी’. आत एकटा दत्ताराम. तो सातवी नापास.

सरकारची तळमळ मोठी. खेड्यांतल्या हुशार पोरांसाठी पणजीत दर शनिवारचा प्रज्ञावर्ग काढला, वर ही खास बस दिली. निवडपरीक्षा मात्र पणजीतच, सकाळी आठला. कोरगावची पहिली गाडी पणजीला पोचायची नऊला. खास बस त्याआधी पोचायची, पण ती निवडलेल्यांसाठी. मग काय, वर्गाच्या फाटकापासून चालत येण्याच्या अंतरावरची वीस मुले निवडली गेली. वर्गाचे प्रमुख गोकुळदाससाहेब. त्यांनी अहवालात लिहिले की पेडणे तालुक्यात प्रज्ञा आढळली नाही. लिहिताना साहेबांचा हात जरासुद्धा अडखळला नाही.

आज पुन्हा निवडपरीक्षा होती; वर्गातल्या वीसजणांनाही ती दर वर्षी नव्याने द्यावी लागे. थांब्यावर अकरा पोरे नेहमीच्या गाडीची वाट बघत उभी होती. त्यांतली पल्लवी दत्तारामच्या ओळखीची. तिची आई जानकी सावंतवाडीकडून इथल्या काजूच्या बागेत कामाला आलेली. गेल्या वर्षी पल्लवी नऊला पोचली आणि बंद फाटकाला हात लावून परत आली. सातवीनंतर परीक्षेला बसता येत नाही, आणि ती आता सातवीत होती. या खेपेला जानकी एक दिवसाचा रोज बुडवून सोबत निघाली होती, फाटकावरच्या माणसाच्या पाया पडायला.

पल्लवी उघड्या दारापाशी आली.

“काका, आमी बसलंव तर गाडयेक जड जातला?”

दत्तारामने आधी पाटीकडे बघितले, मग मागच्या चाळीस रिकाम्या जागांकडे. पेन्शनला तीन वर्षे उरली होती. या वयात चौकशी मागे लागली तर निस्तरणार कोण? पण त्याला स्वतःचीच लाज वाटली.

“बसा,” तो घाईने हात हलवत म्हणाला. “बेगीन.”

आठला दहा कमी असताना अकराही पोरे फाटकाच्या आत होती. जानकीला कोणाच्या पाया पडावे लागले नाही.

महिन्याने निकाल लागला. अकरांतली सात निवडली गेली, पल्लवी सगळ्यांत पहिली. जागा वीसच, तेव्हा पणजीच्या सात मुलांची प्रज्ञा एका रात्रीत नाहीशी झाली. त्यांत साहेबांचा भाचा परेश होता. त्याच आठवड्यात दत्तारामला मेमो आला. प्रज्ञावंतांच्या गाडीतून अनधिकृत मुले नेली, खुलासा करा.

“साहेब, पाटयेर लिहिलां तशींच भुरगीं व्हेलीं,” दत्ताराम साहेबांसमोर उभा राहून म्हणाला. “सात जाणां तर तुमींच निवडलीं.”

“ती आज प्रज्ञावंत आहेत,” साहेब शांतपणे म्हणाले. “बसमध्ये चढली तेव्हा नव्हती.”

दत्तारामची एक वेतनवाढ रोखली गेली.

साहेबांचे मन मात्र मोठे. कोरगावात सातजणांचा सत्कार झाला, तेव्हा ते स्वतः आले, नारळ घेतला, भाषण केले. म्हणाले, “ड्रायव्हरने नियम मोडावा असे का व्हावे? तुम्ही पहिली गाडीच लवकर करून घ्या. अर्ज करा, शिफारस माझी.” गावाने अर्ज केला. सह्या गोळा केल्या, पणजीला खेपा घातल्या, चपला झिजवल्या. सात-आठ महिन्यांनी पहिली गाडी पावणेआठला पणजीत पोचू लागली. लोकांनी तिला हार घातला, पेढे वाटले. पल्लवीची धाकटी बहीण श्रद्धा यंदा परीक्षेला बसणार होती, ती पेढा हातात घेऊन गाडीत उगाचच चढून उतरली. माणूस तसा वाईट नाही, असे दत्तारामलाही वाटून गेले.

पुढच्या शनिवारी पल्लवी वर्गातून आली ती हातात परिपत्रक घेऊन. गाडीत सातही पोरे होती. दत्तारामने चष्मा आणला नव्हता. त्याने तिलाच वाचायला सांगितले.

“दूरच्या विद्यार्थ्यांना उन्हाचा त्रास होऊ नये,” पल्लवीने वाचले, “म्हणून यंदाची निवडपरीक्षा सकाळी सात वाजता घेण्यात येईल.”

दत्तारामने गाडी सुरू केली. मांडवीचा पूल ओलांडल्यावर त्याने आरशातून पल्लवीकडे बघितले.

“श्रद्धाक सांग,” मग तो म्हणाला, “पाचाक थांब्यार उभी रव म्हणान. बाकीच्यांकय सांग.”