उघडं ठेवलेलं केळं

पांढऱ्या डोळ्यांच्या फळमाश्यांची जनुकं अभ्यासण्यात तिने उभी हयात घालवली. प्रयोगशाळेत बाटल्या बदलताना निसटलेल्या माश्या तिच्या केसांत बसून घरी यायच्या आणि थेट स्वयंपाकघरातली फळं गाठायच्या. “आली तुझी माहेरची मंडळी!” असं म्हणत नवरा फळं झाकायचा, कपात व्हिनेगर ओतून सापळा लावायचा.

निवृत्तीच्या समारंभात तिने सगळ्यांचे आभार मानले, अगदी माश्यांचेसुद्धा. नवऱ्याचे तेवढे राहून गेले. मग घरात एकही माशी फिरकेना, आणि तिला करमेना.

आज सकाळी ओट्यावर पिकून काळं पडलेलं केळं उघडंच होतं. त्यावर एक माशी.

“अहो, केळं झाकायचं राहिलं.”

“राहिलं नाही. बरेच दिवस तुझ्याकडचं कुणी आलं नाही. म्हटलं, आपणच बोलावणं धाडावं.”

आभार मानायला तिने तोंड उघडलं. पण सवयीने हात भिंगाकडे गेला होता आणि बाहेर पडलं भलतंच.

“डोळे लाल आहेत हो हिचे. ही आमच्यातली नव्हे.”

“मग लांबच्या नात्यातली असेल,” तो म्हणाला. “आलीच आहे, तर जेवून जाऊ दे.”