तयार अंगण

घोडेगावात घरांचे नकाशे आणि चित्रं करून देणाऱ्या अंकितनं कॉम्प्युटरवर एक अंगण कायमचं सेव्ह करून ठेवलं होतं. तुळस, झोपाळा, झोपाळ्यावर फ्रॉकमधली पोरगी आणि वर संध्याकाळचं आभाळ. घर कुणाचंही असो, पुढं तेच अंगण. वेळ वाचायचा, गिऱ्हाईकही खूश.

बाळासाहेबांच्या घरालाही त्यानं तेच लावलं. मागचा ऊस तेवढा नव्यानं काढला.

"भाऊ, त्या पोरीला आत घ्या," बाळासाहेबांची बायको स्क्रीनकडं बघत म्हणाली. "अंधार पडतोय. मागं ऊस हाय."

अंकित हसला. "वहिनी, चित्रात कुठला बिबट्या येतोय!"

"वनखात्याकडनं आमच्या पोरीची भरपाई आली," बाळासाहेब म्हणाले. "त्यातच बांधतोय हे घर, राव."